अभ्यासासाठी राखलेला एक दिवस

रमजानमध्ये वरणगावसारख्या खानदेशातल्या गावात दुपारचे दोन वाजले की मुस्लिम मोहल्ल्यातल्या बायकांच्या हाताला जरा उसंत मिळते. पहाटे चारच्या आत उठून सहेरी केलेली असते. मुले शाळेत गेलेली असतात, धुणी-भांडी उरकलेली असतात, जोहरची नमाज झालेली असते. इफ्तारच्या भज्यांसाठी कांदा चिरायला आणि फळे कापायला अजून तास-दीड तास असतो. या मधल्या वेळात कुणाच्या तरी ओसरीवर किंवा पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली जाते. शेजारपाजारच्या दहा-बारा जणी जमतात. एखादी आपा रेहलवर कुरआन उघडून पारा वाचते, दुसरी त्याचा अर्थ सांगते आणि मग प्रश्न सुरू होतात. दम्याचा पंप घेतला तर रोजा तुटतो का? अंगावर पाजणाऱ्या आईने काय करावे? राहून गेलेले रोजे कधी पुरे करायचे? सोन्यावरची जकात कशी मोजायची?

याला कुणी दर्स म्हणते, कुणी इज्तिमा, तर कुणी नुसतेच ‘बायकांची बैठक’. तिला पावतीपुस्तक नसते, फलक नसतो, अध्यक्षही नसते. तरीही हे अभ्यासमंडळच असते. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी बाई इथे प्रश्न विचारते. वीस वर्षे अरबी अक्षरे नुसती वाचत आलेल्या बाईला त्या अक्षरांचा अर्थ इथे पहिल्यांदा कळतो.

पण एकोणतीस किंवा तीस दिवसांनी ईदचा चांद दिसतो आणि सतरंजी गुंडाळली जाते. शिरखुर्म्याची भांडी घासून होतात, पाहुणे परततात आणि बैठक पुढच्या रमजानवर जाते. पुढच्या वर्षी त्याच बायका पुन्हा त्याच पहिल्या पाऱ्यापासून सुरुवात करतात. मधल्या अकरा महिन्यांत प्रश्न पडत नाहीत असे नाही. ते विचारायला जागा नसते आणि वार ठरलेला नसतो. बायकांच्या अभ्यासाचा इतिहास पाहिला तर हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हुशारी कधीच कमी नव्हती. जिथे दिवस ठरला आणि घराने तो मानला, तिथे मंडळ टिकले.

मदिनेतल्या बायकांची मागणी

कुरआनच्या अवतरणाची सुरुवात रमजान महिन्यात झाली आणि पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर उतरलेला पहिला शब्द होता ‘इकरा’, म्हणजे वाच. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतर काही वर्षांनी मदिनेत घडलेली एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते.

मशिदीत पैगंबरांभोवती माणसांची गर्दी असे. व्यापारी, शेतकरी, बाहेरगावचे पाहुणे आपापले प्रश्न घेऊन येत. शहरातल्या काही स्त्रिया एकदा पैगंबरांकडे गेल्या आणि त्यांनी तक्रार मांडली. तुमचा सगळा वेळ पुरुषच घेतात, तेव्हा आमच्यासाठी वेगळा दिवस ठरवून द्या, असे त्यांचे म्हणणे होते. पैगंबरांनी त्यांना दिवस ठरवून दिला, त्या दिवशी ते त्यांच्याकडे गेले आणि त्यांना शिकवले. हजरत अबू सईद खुदरी (र.अ.) यांनी सांगितलेली ही हदीस सहीह बुखारीत आहे. इमाम बुखारी यांनी ती ‘किताबुल इल्म’ म्हणजे ज्ञानाच्या प्रकरणात घातली आहे. स्त्रियांच्या शिक्षणासाठी वेगळा दिवस ठरवावा का, या मथळ्याखाली ती येते.

या गोष्टीतला क्रम पाहण्यासारखा आहे. कुणी बायकांवर उपकार म्हणून वर्ग काढला नाही. आधी मागणी झाली, ती बायकांनी स्वतः केली आणि ती वेळेची होती. त्यांनी शिकवणारा मागितला नाही, कारण तो होताच. पुस्तकही मागितले नाही. त्यांना हवा होता एक ठरलेला दिवस, ज्यावर दुसरे कुणी हक्क सांगणार नाही.

मदिनेच्या अन्सारी स्त्रियांचे हजरत आयेशा (र.अ.) यांनी कौतुक केले होते, ते याच धीटपणासाठी. लाज त्यांना दीन समजून घेण्यापासून अडवत नाही, असे त्यांनी म्हटले होते. खुद्द हजरत आयेशा यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस पुढच्या पिढ्यांपर्यंत आल्या. मोठमोठे सहाबा अडलेला मसला घेऊन त्यांच्या दाराशी येत. त्यांच्याजवळ वाढलेल्या अमरा बिन्त अब्दुर्रहमान पुढे इतक्या जाणकार झाल्या की खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी हदीस लिहून काढण्याचा हुकूम दिला, तेव्हा अमरा यांच्याकडचे ज्ञान टिपून घ्यायला आवर्जून सांगितले.

एका बाईने दुसरीला शिकवले

त्या काळच्या अरबस्तानात लिहिता येणारी माणसे थोडी होती आणि लिहिता येणाऱ्या बायका तर बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतल्या एक म्हणजे हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (र.अ.). पैगंबरांच्या पत्नी हजरत हफ्सा (र.अ.) यांना लिहायला त्यांनी शिकवले. हफ्सा यांना जसे लिहायला शिकवले तसा अमुक आजारावरचा उपचारही शिकवा, असे पैगंबरांनी शिफा यांना सांगितल्याची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे.

पुढे काय झाले ते पाहावे. हजरत अबू बक्र (र.अ.) यांच्या काळात कुरआनचे सारे भाग एकत्र करून लिहिले गेले. ती प्रत त्यांच्यानंतर हजरत उमर (र.अ.) यांच्याकडे होती आणि उमर यांच्यानंतर ती त्यांच्या मुलीकडे, हजरत हफ्सा यांच्याकडे राहिली. हजरत उस्मान (र.अ.) यांनी कुरआनच्या प्रती काढून निरनिराळ्या शहरांना पाठवायचे ठरवले, तेव्हा हफ्सा यांच्याकडची प्रत मागवून घेतली. एका बाईने दुसरीला घरात बसून अक्षरे शिकवली आणि त्या दुसरीच्या घरात कुरआनची लेखी प्रत सांभाळली गेली.

मदिनेतली ही रीत पुढे इतर शहरांत गेली. सातव्या शतकाच्या अखेरीस दमास्कसमध्ये उम्मुद्दर्दा नावाच्या विदुषी मशिदीत शिकवत असत आणि खलिफा अब्दुल मलिक बिन मरवान त्यांच्या वर्गात बसत. अकराव्या शतकात मक्केत करीमा मरवजिया सहीह बुखारी शिकवत होत्या. बगदादचे नामांकित इतिहासकार खतीब बगदादी हजला आले असता त्यांच्याकडे ती वाचून गेले. मूळचे उत्तर प्रदेशातले आणि आता इंग्लंडमध्ये असलेले विद्वान मुहम्मद अक्रम नदवी यांनी हदीस शिकवणाऱ्या अशा स्त्रियांची चरित्रे गोळा केली. एक छोटी पुस्तिका होईल असे त्यांना सुरुवातीला वाटले होते. काम संपले तेव्हा चाळीसहून अधिक खंड झाले होते आणि त्यांत हजारो स्त्रियांची नावे आली होती.

इतकी नावे असूनही आज गावातल्या मुलीला त्यांतले एखादेच माहीत असते. परंपरा पुस्तकात राहते, तेव्हा तिचे असे होते. ती घरातल्या वारावर आली की टिकते.

पुण्यातले जाजम

महाराष्ट्रात बायका अभ्यासासाठी एकत्र बसू लागल्या, तो इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. या कामापायी फुले दांपत्याला घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. त्याच घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या कामात सोबत होत्या. १८५६ साली आजारपणात माहेरी नायगावला असताना सावित्रीबाईंनी जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात फातिमाचे नाव काळजीने आले आहे.

शाळा मुलींसाठी होती. मोठ्या बायकांचे काय? त्यांच्यासाठी सावित्रीबाईंनी महिला सेवा मंडळ सुरू केले. १८५२ च्या संक्रांतीला तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला आणि सर्व जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसवले. आज ही बाब साधी वाटेल. पण ज्या काळात सावली पडली तरी विटाळ मानला जाई, त्या काळात जाजम एक असणे हीच मोठी गोष्ट होती. दर्सच्या सतरंजीवरही हेच घडते. तिथे पतीचा हुद्दा आणि घरचा पैसा दाराबाहेर चपलांपाशी राहतो. आधी आलेली पुढे बसते, उशिरा आलेली मागे.

शनिवारची सभा

पुण्यातल्या बायकांच्या अभ्यासमंडळाची सविस्तर हकिगत आपल्याला कळते ती रमाबाई रानडे यांच्यामुळे. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० साली निघाले. या हकिगतीत खानदेशही येतो.

१८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झाले, तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. पतीने रात्री खोलीत पाटीवर धडे द्यायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. दिवसा टोमणे आणि रात्री अभ्यास असा रमाबाईंचा क्रम कितीतरी वर्षे चालला. पुढे रानड्यांची नाशिकला बदली झाली. तिथे हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांना जमवायला रमाबाईंनी सुरुवात केली. १८७९ साली बदली झाली ती धुळ्याला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकार पुण्याच्या पुढाऱ्यांकडे संशयाने पाहत होते आणि धुळ्यात रानड्यांच्या टपालावरही नजर होती. अशा अवघड दिवसांतही रमाबाईंचे वाचन थांबले नाही.

१८८२ च्या एप्रिलअखेरीस पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. वय चोवीस, पदरात वर्षाची मुलगी मनोरमा आणि पती बिपिनबिहारी मेधावी यांना जाऊन जेमतेम तीन महिने झालेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला होता आणि त्या आईकडून रमाबाई शिकल्या होत्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. त्यानंतर भावासोबत पायी देश हिंडत त्या कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुण्यात येताच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. दर शनिवारी बायकांची सभा भरू लागली. एकीने निबंध वाचायचा, दुसरीने त्यावर बोलायचे, मुलींची शाळा आणि बालविवाह यांवर चर्चा करायची. काशीबाई कानिटकर यांच्यासारख्या पुढे लेखिका झालेल्या बायकाही तिथे येत. सोलापूर, अहमदनगर, पंढरपूर अशा गावांतही समाजाच्या शाखा निघाल्या.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षणाची चौकशी करणारे हंटर कमिशन पुण्यात आले. पंडिता रमाबाईंनी कमिशनपुढे साक्ष दिली आणि मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका हव्यात, बायकांच्या आजारपणासाठी स्त्री डॉक्टर हव्यात, असे मागणे मांडले. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीचा निधी उभा राहिला. त्यामागे ज्या मागण्यांचा रेटा होता, त्यांत ही एक होती.

सभेला जाणाऱ्या बायकांना घरी काय सोसावे लागे, तेही रमाबाई रानडे यांनी लिहून ठेवले आहे. मिस हरफर्ड या इंग्रज बाईंकडून त्या इंग्रजी शिकत. परधर्मीय बाईला शिवून आल्यामुळे धडा संपला की आंघोळ केल्याशिवाय घरात वावरता येत नसे. मुलींचे हायस्कूल मिळावे यासाठी पुण्यात गव्हर्नरांसमोर सभा झाली. तिथे रमाबाईंनी इंग्रजीत भाषण वाचले, तर घरी परतल्यावर कौतुकाऐवजी बोलणी खावी लागली. त्यांनी उलट उत्तर दिले नाही आणि सभेला जाणेही सोडले नाही. पुढे हुजूरपागेची शाळा उभी राहिली आणि ते हायस्कूल पुण्याला मिळाले.

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यात मोठी खळबळ उडाली. स्थापना करणारीच निघून गेली म्हटल्यावर मंडळ बंद पडायचे. पण सभा चालू राहिली, कारण तोवर वार ठरलेला होता आणि रमाबाई रानडे यांच्यासारख्या ती चालवणाऱ्या बायका तयार झाल्या होत्या. १९०९ साली रमाबाईंनी पुण्यात सेवासदन सुरू केले ते रानड्यांच्या वाड्यातच. मोठ्या वयाच्या, विधवा, परित्यक्ता अशा कितीतरी बायका तिथे शिकून शिक्षिका आणि परिचारिका झाल्या.

लाहोरचे पत्र, भोपाळचा क्लब

शनिवारच्या सभेत मुस्लिम बायका नव्हत्या. पडदा होता, भाषा वेगळी होती आणि मोहल्लेही वेगळे होते. त्यांची वाट निराळी निघाली, पण फार उशिरा निघाली नाही.

१८९८ साली लाहोरला सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी ‘तहजीब-ए-निसवाँ’ हे बायकांचे उर्दू साप्ताहिक काढले. संपादन मुहम्मदी बेगम करत. पडद्यात असलेल्या बायकांसाठी ते साप्ताहिकच अभ्यासमंडळ ठरले. एका गावच्या बाईने पत्रातून शंका विचारावी आणि दुसऱ्या गावच्या बाईने उत्तर पाठवावे, असे ते चाले. मुंबईच्या अतिया फैजी १९०६ साली शिष्यवृत्तीवर शिक्षिकेचे शिक्षण घ्यायला लंडनला गेल्या, तेव्हा तिथली त्यांची रोजनिशी याच साप्ताहिकात छापून येई. कोकणातल्या जंजिरा संस्थानच्या बेगम नाजली या अतियांच्या बहीण. त्यांनीही आपला युरोपप्रवास उर्दूत लिहिला.

भुसावळहून खंडवा-इटारसी मार्गाने जाणारी गाडी भोपाळला पोहोचते. तिथे १९०१ ते १९२६ या काळात नवाब सुलतान जहाँ बेगम राज्य करत होत्या. स्वतः बुरख्यात राहून दरबार चालवणाऱ्या या राणीने बायकांसाठी प्रिन्सेस ऑफ वेल्स लेडीज क्लब काढला. बाळंतपणाची काळजी, घराची स्वच्छता, मुलांचे संगोपन, धर्म आणि शिक्षण या विषयांवर तिथे व्याख्याने होत. त्यांतली काही बेगम स्वतः देत. १९१४ साली अलीगढला मुस्लिम स्त्रियांची अखिल भारतीय परिषद स्थापन झाली, तेव्हा तिच्या अध्यक्ष सुलतान जहाँ बेगमच होत्या. १९२० साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झाले आणि त्याच्या पहिल्या कुलपतीही त्याच होत्या.

कलकत्त्यात बेगम रुकय्या सखावत हुसेन यांनी १९११ साली आठ मुलींना घेऊन शाळा चालू केली आणि १९१६ साली अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम ही संस्था उभी केली. वस्त्यांमधल्या बायकांना लिहायला, आरोग्य सांभाळायला, शिवणकाम करायला शिकवणे हे तिचे काम होते. यासाठी त्यांना घरोघर जाऊन आईबापांना समजवावे लागे. बायका आधी चहापाण्याच्या निमित्ताने येत आणि मग अभ्यासाला टिकून राहत.

पुण्याचा शनिवार, लाहोरचे साप्ताहिक आणि भोपाळचा क्लब यांचे धर्म, भाषा आणि पैसा निराळे होते. एक गोष्ट सगळीकडे सारखी होती: नेमलेला दिवस. साप्ताहिक ठरल्या वारी येई, सभा ठरल्या वारी भरे. त्या वेळी घरातली कामे दुसऱ्या कुणीतरी पाहायची, हे ठरायला वेळ लागला. पण ते ठरले तेव्हाच मंडळ रुजले.

खानदेशातली सतरंजी

खानदेशात बायकांच्या बुद्धीचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर दळताना आणि शेतात राबताना त्यांना कविता सुचत. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पीतांबर यांनी त्या कागदावर उतरवल्या म्हणून १९५२ साली, बहिणाबाई गेल्यानंतर, पुस्तक निघाले. त्यांच्यासारख्या आणखी किती जणींचे शब्द ऐकून घेणारे कुणी नव्हते म्हणून विरून गेले असतील, याचा हिशेब कधीच लागणार नाही. अभ्यासमंडळ असे ऐकून घेते. बोलणाऱ्या बाईसमोर तिथे कुणीतरी वही उघडून बसलेले असते.

वरणगाव हे आयुधनिर्माणीचे गाव. शिवारात केळी आणि कापूस, जवळच हतनूरचे धरण, महामार्ग आणि रेल्वे दोन्ही हाताशी. इथल्या मुली शाळेत जातात, पुढे बारावीपर्यंत आणि कॉलेजलाही जातात. पण लग्न झाले की पुस्तक हातातून सुटते, ते बहुतेक वेळा कायमचेच. मग वाचायचे ते मुलाच्या अभ्यासापुरते आणि औषधाच्या बाटलीवरचे. रमजानची दुपार ही अनेक जणींसाठी वर्षातली एकमेव वेळ असते, जेव्हा त्या स्वतःसाठी काही वाचतात.

ही बैठक ईदनंतर चालू ठेवायला मोठा खर्च लागत नाही. ईदनंतर शव्वाल महिन्यात अनेक बायका सहा नफिल रोजे धरतात, काही जणी रमजानमधले राहिलेले रोजे पुरे करतात. म्हणजे दुपार तशीच मोकळी असते. त्या महिन्यात आठवड्याचा एक वार ठरवता येतो. घर पाळीपाळीने घेता येते, म्हणजे एकाच घरावर भार पडत नाही. एक वही असावी. कोणता पारा झाला, कोणता प्रश्न निघाला, कुणी उत्तर शोधून आणायचे, हे तीत लिहावे. म्हणजे पुढच्या रमजानला पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही. कुरआनचे अनुवाद उर्दू आणि हिंदीप्रमाणे मराठीतही मिळतात. मराठी माध्यमात शिकलेल्या सुनेला ते वाचता येतात आणि उर्दू शाळेत शिकलेल्या सासूला ती समजावून सांगू शकते. एरवी सासू सुनेला शिकवते. इथे कधी कधी उलटे होईल. त्यात कुणाचाच मान कमी होत नाही.

विषयही दीनापुरतेच ठेवायला हवेत असे नाही. वारसाहक्कात मुलीचा वाटा कुरआनने ठरवून दिला आहे; तो कागदावर कसा उतरतो, सातबाऱ्यावर नाव कसे लागते, हे एखाद्या दुपारी समजून घेता येते. निकाहनाम्यात मेहरच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे किती जणींनी वाचलेले असते? रक्त कमी असण्याची कारणे, मधुमेहात रोजा धरताना घ्यायची काळजी, मुलीची शिष्यवृत्ती, बँकेचा अर्ज हेही इल्मच आहे. शेजारच्या हिंदू मैत्रिणीला एखाद्या बैठकीला बोलावले, तर तीही आपला विषय घेऊन येईल. सावित्रीबाईंच्या जाजमावर सगळ्याच बसल्या होत्या.

वारापुढे मोठी अडचण असते ती चुलीची. पुरुष तरावीहला जातात, जकातीचा हिशेब करतात, मशिदीत इफ्तारची ताटे मांडतात. घरातल्या ताटांची मांडणी मात्र बाईकडेच राहते. पैगंबर घरात काय करत असत, असे हजरत आयेशा (र.अ.) यांना विचारले गेले. ते घरच्यांच्या कामात हात लावत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, असे त्यांनी सांगितल्याची हदीस बुखारीत आहे. या सुन्नतीवर वाझ कमी होतात. घरातल्या पुरुषाने आठवड्यातल्या एका दुपारी मुलांना सांभाळले, भाजी चिरून ठेवली, चहा स्वतः करून घेतला, तर गावातल्या दहा बायकांना दीड तास मिळतो. वर्षाला पन्नास आठवडे धरले तर पंचाहत्तर तास होतात. रमजानमध्ये तीस दिवस रोज दीड तास बसले तर पंचेचाळीस. आठवड्याचा एकच वार पाळला तर सबंध रमजानहून जास्त अभ्यास होतो.

मदिनेतल्या बायकांची नावे त्या हदीसमध्ये नाहीत. कुणी पुढे होऊन बोलले, कुणी मागून दुजोरा दिला, हे कळत नाही. कळते ते इतकेच, की त्या गप्प राहिल्या नाहीत आणि त्यांना दिवस मिळाला. यंदा शेवटच्या दहा रोजांत जी बैठक भरेल, तिथे दुआ झाल्यावर एखादीने एवढेच विचारावे, की ईदनंतर आपण कोणत्या वारी बसायचे आणि पहिले घर कुणाचे.